समीक्षकच शर्यतीत असेल तर : युटाचं कोल्ड फ्यूजन प्रकरण, १९८८ ते १९९१

कोल्ड फ्यूजनबद्दल, म्हणजे साध्या तापमानाला अणुकेंद्रं एकत्र जोडण्याबद्दल, लिहिणारे बहुतेक जण २३ मार्च १९८९ च्या पत्रकार परिषदेपासून सुरुवात करतात. कारण उघड आहे. सॉल्ट लेक सिटीतल्या युटा विद्यापीठात दोन रसायनशास्त्रज्ञ कॅमेऱ्यांसमोर बसले आणि टेबलावर मावेल एवढ्या काचेच्या भांड्यात आपण अणुकेंद्रांचं संमीलन घडवून आणल्याचं त्यांनी जाहीर केलं. बातमी जगभर गेली, पॅलेडियमचे भाव चढले, आणि वर्ष संपायच्या आत बहुतेक शास्त्रज्ञांनी तो दावा निकालात काढला. मात्र सरकारी पैसा वाटताना पीअर रिव्ह्यूचं, म्हणजे त्याच विषयातल्या तज्ज्ञांकडून होणाऱ्या समीक्षेचं, नेमकं काय होतं हे पाहायचं असेल, तर या प्रकरणाची सुरुवात सहा-सात महिने आधी, ऊर्जा खात्याकडे गेलेल्या एका अनुदानाच्या अर्जात आहे.

अर्ज

युटा विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाचे प्रमुख स्टॅन्ली पॉन्स आणि इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठाचे मार्टिन फ्लाइशमन हे दोघे विद्युत-रसायनातले नावाजलेले लोक. फ्लाइशमन तर रॉयल सोसायटीचे फेलो. जड पाण्यात पॅलेडियमचा दांडा बुडवून त्यातून वीज सोडायची, पाण्यातला ड्युटेरियम (हायड्रोजनचा जड प्रकार) त्या धातूत ठासून भरायचा आणि भांडं किती तापतं ते मोजायचं, असा त्यांचा प्रयोग. घातलेल्या विजेपेक्षा बाहेर पडणारी उष्णता जास्त आहे, असं त्यांना दिसत होतं. सुरुवातीचा खर्च त्यांनी स्वतःच्या खिशातून केला. हा आकडा सुमारे १ लाख डॉलर सांगितला जातो. मोठ्या प्रमाणावर प्रयोग करायचे तर तेवढ्यावर भागणार नव्हतं. म्हणून १९८८ मध्ये त्यांनी अमेरिकेच्या ऊर्जा खात्याकडे प्रस्ताव पाठवला.

तो गेला रिशार्ड गायेव्स्की यांच्याकडे. गायेव्स्की प्रगत ऊर्जा प्रकल्पांचा विभाग सांभाळत. रुळलेल्या चौकटीत न बसणाऱ्या, फसण्याची शक्यता मोठी पण साधल्यास लाभही मोठा अशा कल्पनांना थोडा-थोडा पैसा देणं हेच त्या विभागाचं काम. अशा विभागात प्रस्ताव आला की कार्यक्रम अधिकारी त्या विषयातल्या काही जाणकारांना तो टपालानं पाठवतो आणि त्यांची मतं मागवतो. समीक्षकाचं नाव अर्जदाराला सांगितलं जात नाही. शेवटचा निर्णय अधिकाऱ्याचा; समीक्षा म्हणजे सल्ला.

आता गायेव्स्कींच्या जागी बसून पाहा. प्रस्ताव विद्युत-रसायनज्ञांचा, दावा अणुभौतिकीचा. दोन्ही बाजू कळणारा माणूस शोधायचा. असा एक माणूस त्यांच्याच विभागाच्या अनुदानावर काम करत होता : ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचे स्टीव्हन जोन्स. म्युऑन नावाच्या कणाच्या मदतीनं, कोट्यवधी अंश तापमानाशिवाय संमीलन घडवण्यावर जोन्स यांनी बरीच वर्षं घालवली होती. १९८७ मध्ये एका मोठ्या विज्ञान मासिकात या विषयावर त्यांचा सहलेखकासोबतचा लेखही आला होता. त्यांना प्रस्ताव पाठवणं अगदी स्वाभाविक होतं, आणि सप्टेंबर १९८८ मध्ये तो त्यांच्याकडे पोहोचला.

अडचण अशी की जोन्स यांचं विद्यापीठ प्रोव्होला, म्हणजे सॉल्ट लेक सिटीहून सत्तरेक किलोमीटरवर, आणि धातूत ड्युटेरियम भरून संमीलन होतं का, हा प्रश्न जोन्स यांच्याही वहीत १९८६ पासून होता. पृथ्वीच्या पोटात दाबाखाली मंद संमीलन चालत असेल का, इथून त्यांची सुरुवात झाली होती. काही प्राथमिक प्रयोग करून मधला काळ त्यांनी संमीलनात बाहेर पडणारे न्यूट्रॉन मोजणारं चांगलं यंत्र बनवण्यात घालवला आणि १९८८ च्या उत्तरार्धात विद्युत-अपघटनाचे प्रयोग पुन्हा हाती घेतले. प्रस्ताव वाचण्याआधी की वाचल्यानंतर, यावरून पुढं मोठं रणकंदन झालं.

तज्ज्ञ म्हणजे स्पर्धक

लोक इथं पटकन चोरीच्या गोष्टीकडे वळतात. मला ती गोष्ट फारशी महत्त्वाची वाटत नाही. जोन्स यांच्या वहीतल्या १९८६ च्या नोंदी साक्षांकित होत्या, ते मोजत होते न्यूट्रॉन, युटाचे मोजत होते उष्णता, आणि दोघांचे दावे परिमाणानं इतके वेगळे होते की एकानं दुसऱ्याचं उचललं म्हणावं तर काय उचललं, हेच सांगता येत नाही. जोन्स यांना दिसणारे न्यूट्रॉन पार्श्वभूमीच्या गोंगाटातून जेमतेम डोकं वर काढत होते; त्यातून दिवासुद्धा लागला नसता. आपल्या प्रयोगातून ऊर्जा मिळेल असा दावाही त्यांनी केला नाही.

खरा प्रश्न कार्यपद्धतीचा आहे. एखाद्या विषयात जगभरात मोजकीच माणसं काम करत असतील, तर प्रस्ताव नीट समजणारा माणूस बहुधा त्याच प्रश्नावर काम करत असतो. त्याला वगळलं तर उरतात ते दुरून पाहणारे, म्हणजे ज्यांना हितसंबंध नाही पण बारकावेही ठाऊक नाहीत. छोट्या क्षेत्रात या पेचातून पूर्ण सुटका नसते. पण एक गोष्ट करता आली असती. समीक्षकानं पहिलं पान वाचताच ‘मीही यावर काम करतो आहे’ हे लेखी कळवायचं, अधिकाऱ्यानं ते नोंदवून घ्यायचं, आणि त्या तारखेपर्यंत समीक्षकाचं स्वतःचं काम कुठवर आलं होतं याचा दाखला फाइलला लावायचा. तसं झालं असतं तर पुढची भांडणं निम्म्यानं कमी झाली असती, असं माझं मत आहे. प्रत्यक्षात समीक्षक आणि अर्जदार यांची गाठ पडली ती सहकार्याच्या गोष्टी करत, आणि दोन्हीकडे संशय घेऊनच.

२३ फेब्रुवारी १९८९ ला पॉन्स आणि फ्लाइशमन प्रोव्होला जाऊन जोन्स यांची प्रयोगशाळा पाहून आले. आपल्याला अजून दीड वर्ष हवं, तोवर थांबा, अशी त्यांची विनंती होती. जोन्स मात्र मे महिन्यात अमेरिकन फिजिकल सोसायटीच्या बैठकीत बोलणार होते आणि निबंधाचा सारांश देऊन मोकळे झाले होते. ६ मार्चला दोन्ही विद्यापीठांचे अध्यक्ष, चेस पीटरसन आणि जेफ्री हॉलंड, शास्त्रज्ञांसह बसले. दोन्ही गटांनी २४ मार्चला एकाच वेळी, विमानतळावरच्या कुरिअरमधून आपापले निबंध ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाकडे पाठवायचे असं ठरलं. निदान एका बाजूची समजूत तरी तशी होती.

युटा विद्यापीठाला पेटंटची काळजी होती. पहिल्या शोधाचा मान हातचा गेला तर कोट्यवधी डॉलर जातील, असा हिशेब. पॉन्स-फ्लाइशमन यांचा निबंध त्याआधीच विद्युत-रसायनाच्या एका नियतकालिकाकडे गेला होता. छापील निबंधावर मिळाल्याची तारीख १३ मार्च आणि सुधारित प्रत आल्याची तारीख २२ मार्च अशी आहे, म्हणजे मधे नऊ दिवस. दुसऱ्याच दिवशी, ठरलेल्या तारखेच्या एक दिवस आधी, पत्रकार परिषद झाली. जोन्स यांनी चिडून आपला निबंध ‘नेचर’ला फॅक्स केला.

अनुदानासाठीच्या गुप्त समीक्षेतून सुरू झालेली ही शर्यत होती. समीक्षा झाली नसती तर युटाला प्रोव्होची खबर एवढ्या लवकर लागली नसती आणि कदाचित ते आणखी वर्षभर गप्प राहून प्रयोग करत बसले असते. त्या वर्षभरात आपली चूक त्यांना स्वतःलाच सापडली असती का, याचं उत्तर आता मिळणार नाही.

निबंधातली एक रेघ

विज्ञानाच्या बाजूनं प्रकरण कुठं अडकलं, ते थोडक्यात. ड्युटेरियमची दोन केंद्रकं एकत्र आली की साधारण निम्म्या वेळा हेलियम-३ आणि न्यूट्रॉन मिळतो, निम्म्या वेळा ट्रिटियम आणि प्रोटॉन. या मार्गानं एक वॅट उष्णता निघत असेल तर दर सेकंदाला सुमारे १०¹² न्यूट्रॉन बाहेर पडायला हवेत. युटाचा दावा काही वॅटचा होता. एवढे न्यूट्रॉन निघत असते तर भांड्याजवळ उभे राहणारे जगले नसते. निबंधातला न्यूट्रॉनचा आकडा याच्या अब्जाव्या हिश्शाच्या आसपास होता. लेखकांनाही हे दिसत होतं. म्हणून उष्णतेचा मोठा भाग आजवर अज्ञात असलेल्या कुठल्या तरी केंद्रकीय प्रक्रियेतून येत असावा, असं त्यांनीच लिहून ठेवलं.

पुराव्यादाखल गॅमा किरणांचा एक आलेख दिला होता. न्यूट्रॉन पाण्यातल्या हायड्रोजनमध्ये शोषला गेला की २.२२ एमईव्ही (केंद्रकीय ऊर्जा मोजायचं एकक) ऊर्जेचा गॅमा किरण निघतो. त्या जागी आलेखात एक टोकदार शिखर होतं. एमआयटीच्या रिचर्ड पेट्रासो यांच्या गटानं ते शिखर बारकाईनं पाहिलं. वापरलेल्या जातीच्या शोधकयंत्राला इतकं अरुंद शिखर दाखवणंच शक्य नव्हतं. शिवाय खऱ्या गॅमा शिखराच्या डावीकडे १.९९ एमईव्हीला जो उतार, कॉम्प्टनची कड, दिसायला हवी तीही गायब. मूळ आलेख मिळेना, तेव्हा या लोकांनी युटातल्या दूरचित्रवाणीच्या बातमीत पडद्यावर क्षणभर दिसलेला पूर्ण आलेख वापरला. त्यातल्या पोटॅशियम-४० आणि थॅलियम-२०८ या नैसर्गिक किरणोत्साराच्या ओळखीच्या शिखरांवरून मोजपट्टी बसवली. वादातलं शिखर २.५ एमईव्हीच्या आसपास निघालं आणि २.२२ ला काहीच नव्हतं. १८ मे १९८९ च्या ‘नेचर’मध्ये हे छापून आलं.

नऊ दिवसांच्या समीक्षेत ही रेघ कुणाला खटकली नाही. विद्युत-रसायनाच्या नियतकालिकाकडे गॅमा-मापनाचे जाणकार असण्याचं कारण नव्हतं. गायेव्स्कींना जी अडचण आली तीच संपादकांनाही आली असणार. पण गायेव्स्कींनी निदान अणुभौतिकीचा माणूस शोधला. ‘नेचर’च्या समीक्षकांनी प्रश्न विचारले, तेव्हा पॉन्स-फ्लाइशमन यांनी वेळ नाही म्हणून तिथला निबंध मागं घेतला. ड्युटेरियम जवळजवळ नसलेल्या साध्या पाण्यात हाच प्रयोग करून पाहिला का, हा सगळ्यात सोपा प्रश्न महिनोन्महिने धड उत्तराविना राहिला.

पैसा कुठून आला

युटा राज्यानं ऊर्जा खात्याच्या टपाली समीक्षेपेक्षा वेगळा रस्ता धरला. पत्रकार परिषदेला जेमतेम दोन आठवडे झाले होते. ७ एप्रिलला विधिमंडळाच्या खास अधिवेशनात ५० लाख डॉलर मंजूर झाले. कायद्यात एक शहाणी अट होती : बहुतांश रक्कम दाव्याला वैज्ञानिक पुष्टी मिळाल्यावरच सुटेल. पुष्टी मिळाली हे ठरवणार कोण, तर राज्यानंच नेमलेलं सल्लागार मंडळ. जुलैमध्ये त्या मंडळानं पुष्टी मिळाल्याचं मानलं, आणि ऑगस्टमध्ये राष्ट्रीय कोल्ड फ्यूजन संस्था सुरू झाली.

मधल्या काळात विद्यापीठ वॉशिंग्टनलाही जाऊन आलं. २६ एप्रिलला प्रतिनिधीगृहाच्या विज्ञान समितीसमोर सुनावणी झाली. मागणी होती अडीच कोटी डॉलरची. जपान पुढं निघून जाईल, हा मुद्दा सल्लागार आयरा मॅगझिनर यांनी जोरात मांडला. त्याच सुनावणीत प्रिन्स्टनच्या प्लाझ्मा प्रयोगशाळेचे संचालक हॅरल्ड फर्थ यांनी साध्या पाण्याची तुलना करून दाखवा, एवढंच मागितलं. समितीतल्या काही खासदारांचा उत्साह पाहता पैसे त्याच आठवड्यात सुटले असते तर मला नवल वाटलं नसतं. ते सुटले नाहीत, कारण दोन दिवस आधी, २४ एप्रिलला, ऊर्जामंत्री जेम्स वॉटकिन्स यांनी खात्याच्या सल्लागार मंडळाला या दाव्याची छाननी करायला सांगितलं होतं.

ही दुसऱ्या प्रकारची समीक्षा. पाकीट एका माणसाकडे जाण्याऐवजी २२ जणांची समिती, सहअध्यक्ष रॉचेस्टरचे अणुरसायनज्ञ जॉन हायझेंगा आणि हार्वर्डचे नॉर्मन रॅमझी. नावं जाहीर, अहवाल जाहीर. समितीचे लोक युटासह अनेक प्रयोगशाळांत जाऊन आले. या भेटींत जास्तीची उष्णता देत असलेलं एकही चालू भांडं त्यांना पाहायला मिळालं नाही. जुलैमध्ये, म्हणजे ज्या महिन्यात युटाच्या मंडळाला पुष्टी दिसली त्याच महिन्यात, समितीचा अंतरिम अहवाल नकारार्थी आला. अंतिम अहवाल नोव्हेंबरमध्ये. खास निधी नको, खास संशोधन केंद्रं नकोत. मात्र नेमके प्रश्न घेऊन येणाऱ्या, नीट आखलेल्या प्रयोगांना नेहमीच्या व्यवस्थेतून माफक मदत द्यायला हरकत नाही, असा त्याचा सूर होता.

अहवालाच्या प्रास्ताविकात सौम्य भाषा आली ती रॅमझींमुळे. एखादा जरी खरा, अल्पकाळाचा प्रसंग निघाला तरी तो क्रांतिकारक ठरेल, तेव्हा दार पूर्ण लावू नका, असा त्यांचा आग्रह होता. नाहीतर राजीनामा देतो म्हणाले. त्याच ऑक्टोबरात त्यांना भौतिकीचं नोबेल मिळालेलं. अशा माणसाचा राजीनामा कुठल्या समितीला परवडेल? समितीच्या एकमताला एका माणसाचा अडसर असणं मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत निरोगी भाग वाटतो.

घरातला समीक्षक

युटाच्या संस्थेचं पुढं काय झालं ते सांगायला हवं, कारण समीक्षा टाळून आलेल्या पैशाचा तो पुढचा अध्याय आहे. युटा विद्यापीठातलेच भौतिकशास्त्रज्ञ मायकेल सॅलमन यांना मे-जून १९८९ मध्ये पॉन्स यांच्या प्रयोगशाळेत भांड्यांखाली शोधकयंत्रं ठेवायला मिळाली. पाच आठवडे मोजमाप झालं. न्यूट्रॉन नाहीत, गॅमा नाहीत. २९ मार्च १९९० च्या ‘नेचर’मध्ये निष्कर्ष छापून आला, आणि पॉन्स यांच्या वकिलाकडून सॅलमन यांना कायदेशीर कारवाईची धमकी मिळाली. एकाच आवारातल्या सहकाऱ्यानं मोजलेलं नाकारायला वकील लागला, यावरून संस्थेतलं वातावरण कळावं.

त्यानंतर ५ लाख डॉलरची ती देणगी. संस्थेला कुणा निनावी दात्यानं दिल्याचं सांगितलेली रक्कम प्रत्यक्षात विद्यापीठाच्याच संशोधन निधीतून वळवलेली निघाली. प्राध्यापकांनी बाहेरच्या लोकांकडून वैज्ञानिक आणि आर्थिक तपासणीची मागणी लावून धरली. अध्यक्ष पीटरसन यांनी जून १९९० मध्ये निवृत्ती जाहीर केली. ३० जून १९९१ ला पैसे संपले आणि संस्था बंद झाली. पॉन्स तोवर युटा सोडून गेले होते. पुढं त्यांनी आणि फ्लाइशमन यांनी फ्रान्समध्ये, टोयोटाशी संबंधित पैशावर काम केलं.

पुन्हा समीक्षा

२००४ मध्ये या क्षेत्रातल्या काही संशोधकांच्या विनंतीवरून ऊर्जा खात्यानं पुन्हा एकदा छाननी केली. या वेळी १८ समीक्षक. नऊ जणांनी कागदपत्रं वाचून मत दिलं. उरलेले नऊ ऑगस्टमध्ये एक दिवस बसले आणि त्यांनी संशोधकांचं म्हणणं समोरासमोर ऐकलं. जास्तीची उष्णता खरी आहे का, यावर मतं जवळजवळ समसमान विभागली गेली. केंद्रकीय प्रक्रियेचा पुरावा निर्णायक नाही, असं सुमारे दोन तृतीयांश समीक्षकांनी म्हटलं. निष्कर्ष १९८९ च्या वळणाचाच : वेगळा कार्यक्रम नको, चांगला एकेकटा प्रस्ताव आला तर तो नेहमीच्या समीक्षेतून जाऊ द्या.

कागदावर हे न्याय्य दिसतं. व्यवहारात नेहमीची समीक्षा म्हणजे पुन्हा टपालानं गेलेला प्रस्ताव आणि विषयाचं नाव वाचूनच भुवया उंचावणारा समीक्षक. १९८८ मध्ये समीक्षक विषयाच्या फार जवळचा होता. १९८९ नंतर जवळचा कुणी उरलाच नाही. जे उरले ते एकमेकांचेच निबंध तपासत, आणि बाहेरच्यांना त्या तपासणीची किंमत वाटेना. समितीचा सल्ला आणि प्रत्यक्षात मिळालेले पैसे यांतलं अंतर यातून आलं, असं मला वाटतं. सल्ला देणाऱ्यांची नियत वाईट होती असं मानायला मात्र काही आधार नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये ऊर्जा खात्याच्याच एआरपीए-ई या संस्थेनं कमी ऊर्जेच्या केंद्रकीय अभिक्रियांसाठी (कोल्ड फ्यूजनच्या क्षेत्राचं हे नंतरचं नाव) आठ प्रकल्पांना मिळून १ कोटी डॉलर जाहीर केले. रक्कम लहानच आहे, पण वाटणी पाहण्यासारखी आहे. धातूत हायड्रोजन किंवा ड्युटेरियम भरून प्रयोग करणारे गट वेगळे, आणि न्यूट्रॉन, गॅमा किरण व आयन मोजण्याचं काम अंगावर घेतलेले गट वेगळे. मोजणाऱ्यांत मिशिगन विद्यापीठ आणि टेक्सास टेक यांचा समावेश आहे, आणि इतर गटांना ही सोय पुरवण्यासाठी त्यांना स्वतंत्र पैसे दिले आहेत. १९८९ मध्ये सॅलमन यांना तेच काम पॉन्स यांच्या परवानगीनं, पॉन्स यांच्याच खोलीत करावं लागलं होतं.